जामीनपत्र ऑनलाइन घेतलं तर काउंटीचा पैसा वाचतो की जातो?

प्रश्न असा आला आहे: डॅलसच्या उत्तरेला राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी आपल्या काउंटीच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं स्थानिक शासन) बैठकीची विषयपत्रिका वाचली. त्यात जामीनपत्रं ऑनलाइन स्वीकारण्याचा प्रस्ताव होता आणि सोबत एका कंपनीचं पत्र होतं, की काउंटीला यासाठी एक डॉलरही मोजावा लागणार नाही. टेक्ससच्या विधिमंडळात अशी विधेयकं येतात तेव्हा त्यांच्या आर्थिक टिपणातही ‘स्थानिक शासनांवर लक्षणीय भार पडणार नाही’ अशाच अर्थाचं वाक्य असतं. दरवर्षी प्रॉपर्टी टॅक्सचं बिल बघून पोटात गोळा येणाऱ्या या गृहस्थांना विचारायचं आहे, की हे खरंच फुकट असतं का?

मी टेक्ससमधल्या काउंट्यांच्या क्लार्क-कार्यालयांत (इथला क्लार्क म्हणजे साधा कारकून नव्हे, कोर्टाच्या नोंदी सांभाळणारा निवडून आलेला अधिकारी) आणि तुरुंगांत संगणक-प्रणाली बसवण्याचं काम बरीच वर्षं करतो आहे. माझं उत्तर: कायद्याच्या टिपणातलं वाक्य खोटं नाही, पण ते काउंटीच्या बजेटचं वर्णनही नाही. खर्च होतो. तो सॉफ्टवेअरच्या बिलात फारसा दिसत नाही, कारकुनांच्या तासांत दिसतो. बचतही होते, पण ती तुरुंग चालवणाऱ्या शेरीफच्या खात्यात होते आणि खर्च क्लार्कच्या खात्यात पडतो. एकाच काउंटीचे हे दोन वेगळे खिसे आहेत, आणि दोन्ही खिशांचे मालक स्वतंत्रपणे निवडून आलेले असतात. सगळा घोळ तिथून सुरू होतो.

आधी हा भार काउंटीवर का येतो ते सांगतो, कारण महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला ते चटकन पटत नाही. आपल्याकडे जिल्हा न्यायालयाच्या खर्चाशी जिल्हा परिषदेचा काही संबंध नसतो. कोर्टं राज्य सरकार चालवतं आणि संगणकीकरणाला केंद्राचा पैसा येतो. ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने 2023 मध्ये 7,210 कोटी रुपये मंजूर केले. टेक्ससमध्ये जिल्हा न्यायाधीशाचा मूळ पगार राज्य देतं, पण इमारत, क्लार्क, तुरुंग, शेरीफ, संगणक, कागद हे बहुतेक सगळं काउंटीच्या गळ्यात असतं. राज्यात वैयक्तिक आयकर नाही, म्हणून काउंटीचं पोट मुख्यतः मालमत्ता करावर भरतं. 2019 च्या कायद्यापासून तर रोजच्या कारभारासाठीचा कर-महसूल 3.5 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर काउंटीला मतदारांची मंजुरी घ्यावी लागते. अशा वेळी ‘एक कारकून वाढवा’ हे शब्द कमिशनर्स कोर्टात उच्चारायलाही धीर लागतो. नाव कोर्ट असलं तरी हे न्यायालय नव्हे. काउंटी जज आणि चार कमिशनर मिळून बजेट मंजूर करणारं हे मंडळ आहे.

आता जामीनपत्राचा प्रवास. माणूस अटक झाला, तुरुंगात नोंद झाली, 48 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभा राहिला, जामिनाची रक्कम ठरली. मग तीन वाटा असतात: पूर्ण रक्कम रोख भरणं, जातमुचलक्यावर सुटणं, किंवा धंदेवाईक जामीनदार आणणं. हा तिसरा प्रकार आपल्याकडे नाही. आपला जामीनदार म्हणजे मामा, शेजारी किंवा तहसीलदाराचं सॉल्व्हन्सी सर्टिफिकेट घेऊन आलेला ओळखीचा माणूस. टेक्ससमधला बाँड्समन परवानाधारक व्यावसायिक असतो. तो बहुतेकदा रकमेच्या दहा टक्क्यांच्या आसपास पैसे घेतो आणि आरोपी हजर राहिला नाही तर पूर्ण रकमेची हमी देतो. रात्री दोन वाजता तुरुंगाच्या खिडकीवर तो जामीनपत्र आणि विमा कंपनीचं अनुक्रमांक असलेलं अधिकारपत्र देतो. तुरुंगाचा अधिकारी ते तपासतो, आरोपीची सही घेतो, माणूस सुटतो. मूळ कागद नंतर क्लार्ककडे जातो.

ऑनलाइन व्यवस्थेत खिडकीवरचा हा फेरा वाचतो. बाँड्समन ऑफिसातून किंवा घरातून जामीनपत्र पाठवतो, तुरुंगाच्या पडद्यावर ते दिसतं, आरोपी आत टॅबलेटवर सही करतो. टेक्ससच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 17.026 आहे. त्याचा अर्थ असा, की काउंटी परवानगी देईल त्या पद्धतीने जामीनपत्र इलेक्ट्रॉनिक मार्गाने दाखल करता येईल. इथे जोर ‘काउंटी परवानगी देईल’ यावर आहे. सक्ती नाही, म्हणून विधिमंडळाच्या टिपणात खर्च शून्य. ज्याला परवडेल तो करेल, ज्याला नाही तो करणार नाही, आणि दोन्ही बाबतीत राज्याने कुणावर काही लादलेलं नसतं. हिशेबनीसाच्या दृष्टीने हे चोख आहे. पण तुमच्या काउंटीने ‘हो’ म्हटल्यावर काय होईल, हे ते वाक्य सांगत नाही आणि सांगायचा त्याचा उद्देशही नसतो.

माझ्या मते खरा खर्च इथे आहे: टेक्ससमध्ये जामीनपत्र खटल्याच्या आधी जन्मतं. अटकेच्या दुसऱ्या दिवशी माणूस जामिनावर सुटतो, पण सरकारी वकील आरोप दाखल करतात ते काही आठवड्यांनी, गंभीर गुन्ह्यात ग्रँड ज्युरीकडून (खटला चालवण्याइतका पुरावा आहे का हे ठरवणारं नागरिकांचं मंडळ) आरोपपत्र यायला काही महिनेही लागतात. तोवर खटल्याला क्रमांक नसतो. म्हणजे क्लार्ककडे आलेलं जामीनपत्र कुठल्या फायलीत लावायचं, ती फाईलच नसते. मूल जन्मायच्या आधी शाळेत नाव घालायला गेल्यासारखं हे आहे. कागदाच्या काळात क्लार्क-कार्यालयात ‘खटला नसलेली जामीनपत्रं’ असा एक खण असायचा आणि एखाद्या जुन्या कारकून बाईंना त्यातलं कुठलं कुणाचं हे जवळजवळ पाठ असायचं. यंत्राला असं पाठ नसतं. त्याला अटकेच्या वेळचा ट्रॅकिंग क्रमांक हवा, राज्याचा ओळख-क्रमांक हवा, नावाचं स्पेलिंग तेच हवं, जन्मतारीख तीच हवी. शिवाय अटकेच्या वेळी लावलेलं कलम आणि सरकारी वकिलाने पुढे दाखल केलेलं कलम एकच असेल याची खात्री नसते. एका अटकेत तीन आरोप, तीन जामीनपत्रं, आणि पुढे खटले दोनच, असं नेहमी होतं. न जुळलेली जामीनपत्रं एका रांगेत साठतात आणि ती रांग शेवटी माणसालाच उपसावी लागते.

किती माणसांना, हे समजायला एक काल्पनिक हिशेब मांडतो. आकडे कुठल्याही काउंटीचे नाहीत, तुम्ही तुमचे घाला. समजा वर्षाला 6,000 जामीनपत्रं येतात. शिक्का मारणं, स्कॅन करणं, नोंद करणं यातली प्रत्येकी पाच मिनिटं वाचली, तर वर्षाला 500 तास वाचले. पूर्णवेळ कारकुनाचं वर्ष 2,080 तासांचं धरतात, म्हणजे साधारण पाव कारकून वाचला. आता शंभरातली आठ जामीनपत्रं आपोआप जुळली नाहीत आणि प्रत्येकाला वीस मिनिटं लागली, तर 480 जामीनपत्रांचे 160 तास गेले. उरले 340. पाव कारकून तसाही कमी करता येत नाही, आणि 340 तास वाचले म्हणून कुठल्याही क्लार्कने बजेटमधलं एक पद परत केलेलं मी तरी पाहिलेलं नाही. त्या तासांत दुसरी तुंबलेली कामं होतात. ती व्हायलाच हवीत, पण करदात्याच्या हातात त्यातून डॉलर येत नाही.

शिवाय हा हिशेब सगळी जामीनपत्रं ऑनलाइन आली तर. तसं होत नाही. मोठे बाँड्समन लगेच येतात. एकट्याने धंदा करणारा साठीचा बाँड्समन कागद घेऊनच खिडकीवर उभा राहतो आणि ‘करता येईल’ असा कायदा असताना त्याला कुणी परत पाठवू शकत नाही. रोख जामीन भरायला आलेली आई असते, आपल्या वॉरंटवर शेजारच्या काउंटीत पकडलेला माणूस असतो, आणि तिथून जामीनपत्र टपालाने येतं. म्हणजे दोन रस्ते एकाच वेळी चालू ठेवावे लागतात: दोन पद्धतींचं प्रशिक्षण, दोन प्रकारच्या चुका आणि दोन याद्यांचा रोजचा ताळमेळ. ‘वर्षभरात कागद बंद’ असं लिहिलेला प्रस्ताव मी पाहिला, की त्यातले बाकीचे आकडेही मी पेन्सिलीने दुरुस्त करत वाचतो.

बचत कुठे आहे तेही सांगायला हवं, कारण ती खरी आहे. त्याच 6,000 सुटकांमध्ये प्रत्येकी दोन तास लवकर सुटका झाली, तर 12,000 तास, म्हणजे तुरुंगातले 500 खाट-दिवस कमी झाले. सुटणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ते दोन तास कशानेही मोजता येत नाहीत. कुणाची सकाळची शिफ्ट त्यात वाचते. शेरीफच्या बजेटमध्ये मात्र ते सहजी उतरत नाहीत. टेक्ससच्या तुरुंग-मानकांप्रमाणे 48 कैद्यांमागे एक रक्षक लागतो. कैदी 480 वरून 478 झाले म्हणून रक्षक कमी होत नाही. जिथे तुरुंग काठोकाठ भरलेला आहे आणि जास्तीचे कैदी दुसरीकडे भाड्याने ठेवावे लागतात, तिथे मात्र प्रत्येक खाट-दिवसाचं खरं बिल येतं. ह्यूस्टन जिथे आहे त्या हॅरिस काउंटीने असे कैदी पार लुइझियानात पाठवले आहेत. तुमची काउंटी या अवस्थेत असेल तर ऑनलाइन जामीनपत्राची बाजू बरीच भक्कम होते. नसेल तर ‘तुरुंगाचा खर्च वाचेल’ हे वाक्य सौम्यपणे बाजूला ठेवा.

शेरीफला फायदा आणि क्लार्कला काम, हे एका टेबलावर बसून मान्य झालं तर काही अडत नाही. पण शेरीफ निवडून आलेला, डिस्ट्रिक्ट क्लार्क निवडून आलेली, काउंटी क्लार्क वेगळी, सरकारी वकील आणखी वेगळे. कमिशनर्स कोर्टाच्या हातात त्यांच्या बजेटची दोरी आहे, त्यांच्या कामाची नाही. त्यामुळे प्रस्ताव शेरीफकडून आला असेल आणि क्लार्कचं त्यावर लेखी मत नसेल, तर खर्चाचा अर्धा भाग कुणी मोजलेलाच नाही असं खुशाल समजा.

आता ‘काउंटीला फुकट’ या कंपनीच्या वाक्याकडे येतो. अशा व्यवस्थेत कंपनी काउंटीकडून काही घेत नाही, बाँड्समनकडून प्रत्येक जामीनपत्रामागे फी घेते. बाँड्समन ती खिशातून भरत नाही, ती आरोपीच्या घरच्यांवर जाते. ते लोक बहुतेक त्याच काउंटीचे रहिवासी असतात, पण हा खर्च काउंटीच्या कुठल्याच पुस्तकात येत नाही, म्हणून टिपणातही येत नाही. दुसरं म्हणजे तुमच्या तुरुंगाच्या आणि कोर्टाच्या जुन्या प्रणालीला ही नवी गोष्ट जोडायची, तर त्या जुन्या प्रणालीची कंपनी जोडणीचे पैसे मागते, आणि ते काउंटीलाच द्यावे लागतात. दर वेळी एका बाजूने आवृत्ती बदलली की जोडणी पुन्हा तपासायची. तिसरी गोष्ट बहुतेक करारांत सर्वांत शेवटी आणि सर्वांत लहान अक्षरांत असते: करार संपल्यावर दहा वर्षांची जामीनपत्रं कुठल्या स्वरूपात, किती दिवसांत आणि कुणाच्या खर्चाने परत मिळणार?

क्लार्कला हा खर्च वसूल करण्याचा मार्ग जवळजवळ नाही. दिवाणी ई-फायलिंगशी तुलना केली की हे कळतं. दिवाणी खटल्यांत वकिलांना ई-फायलिंग 2014 पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं. त्याआधी 2013 मध्ये विधिमंडळाने राज्यव्यापी प्रणालीसाठी नवा खटला दाखल करताना घ्यायची फी ठरवून दिली, जिल्हा कोर्टांत 20 डॉलर आणि छोट्या दाव्यांच्या जस्टिस कोर्टांत 10. शिवाय स्थानिक खर्च भरून काढायला दर व्यवहारामागे 2 डॉलर घेण्याची मुभाही दिली होती. म्हणजे तिथे पैसे देणारा पक्षकार होता. जामीनपत्र दाखल करायला अशी फी नाही. जामीनदाराकडून प्रत्येक जामीनपत्रामागे 15 डॉलर घेतात खरे, पण ते सरकारी वकिलांच्या दीर्घसेवा वेतनाकडे आणि गरीब आरोपींच्या बचावाच्या निधीकडे जातात. गुन्हा शाबीत झाल्यावर आरोपीकडून जी स्थानिक कोर्ट-फी घेतात, त्यात कोर्टाच्या तंत्रज्ञानासाठी वाटा आहे 4 डॉलरचा. तोही गुन्हा शाबीत झाला तर, आणि माणसाने भरला तर.

कायद्याची बाजू खर्चाच्या चर्चेत कुणी आणत नाही, मी आणतो. जामीनपत्राची खरी परीक्षा आरोपी गैरहजर राहिल्यावर होते. मग जामीन जप्तीचा दावा चालतो, आधी सशर्त निकाल लागतो, जामीनदाराला नोटीस जाते. गैरहजेरीच्या तारखेपासून चार वर्षांच्या आत हा दावा लावता येतो. गंभीर गुन्ह्यात 270 दिवसांच्या आत आणि किरकोळ गुन्ह्यात 180 दिवसांच्या आत आरोपी पुन्हा तुरुंगात आल्याचं दाखवलं तर जामीनदाराची सुटका होते. या सगळ्यात जामीनदाराच्या वकिलाचा पहिला प्रश्न असतो: ही सही कुणाची, केव्हाची, आणि नंतर कागदात काही बदललं नाही कशावरून? इलेक्ट्रॉनिक नोंदीत प्रत्येक पायरीची वेळ आणि प्रत्येक बदलाचा माग ठेवला असेल तर उत्तर सोपं असतं. ठेवला नसेल, तर काउंटी 50,000 डॉलरचा दावा एका धूसर पीडीएफवर हरू शकते.

ऑनलाइन व्यवस्थेचा मला सर्वांत आवडणारा फायदा मात्र इथेच आहे, आणि कंपन्यांच्या जाहिरातीत तो क्वचितच दिसतो. मोठ्या काउंट्यांत बाँड्समनचे परवाने जामीन मंडळाकडे असतात. वैयक्तिक जामीनदाराने मंडळाकडे जेवढी मालमत्ता तारण ठेवली असेल, तिच्या ठरावीक पटीपर्यंतच त्याची एकूण जामीनपत्रं चालू राहू शकतात. कागदावर हा हिशेब कोण ठेवतो? तुरुंगाच्या खिडकीमागे भिंतीवर लावलेली यादी, बहुतेकदा गेल्या आठवड्यातली. रात्री दोन वाजता खिडकीवरचा रक्षक बेरजा करत बसत नाही. यंत्र मात्र प्रत्येक जामीनपत्र घेताना परवाना चालू आहे का, अधिकारपत्राची मुदत संपली का, मर्यादा ओलांडली का, हे तपासू शकतं. एका बुडालेल्या बाँड्समनमागे वसूल न होणारी रक्कम बघितली, तर केवळ या तपासणीसाठीही मी प्रणाली घ्यायला सांगेन. पण त्यासाठी जामीन मंडळाची माहिती प्रणालीत रोज अद्ययावत करावी लागते, आणि ते काम कोण करणार हे ठरावात लिहिलेलं नसतं.

काउंटीच्या आकाराबद्दल थोडंसं. टेक्ससमध्ये 254 काउंट्या आहेत. 2020 च्या जनगणनेत हॅरिसची लोकसंख्या 47 लाखांवर होती आणि पश्चिमेकडच्या लव्हिंग काउंटीची होती 64. आठ हजारांखालच्या काउंट्यांत सहसा जिल्हा आणि काउंटी क्लार्क एकच व्यक्ती असते. तिथे जामीनपत्र येतं तेव्हा शेरीफ ते स्वतः चालत नेऊन देतो. त्यांनी या भानगडीत पडू नये, साधी सुरक्षित ईमेल व्यवस्था आणि लेखी नियम पुरे. मोठ्या काउंट्या आपली जोडणी करून घेतात. चेंगरतात त्या मधल्या, लाख-दीड लाख वस्तीच्या, ज्यांचा आयटी विभाग म्हणजे दोन माणसं आणि एक फोन. शुक्रवारी रात्री प्रणाली बंद पडली तर तो फोन कोण उचलणार, हा त्यांच्यासाठी बजेटचा प्रश्न आहे. तुरुंग चोवीस तास चालतो, क्लार्कचं ऑफिस पाच वाजता बंद होतं.

बंद पडणं ही कल्पना नव्हे. मे 2020 मध्ये टेक्ससच्या न्यायालयीन प्रशासन कार्यालयावरच रॅन्समवेअरचा हल्ला झाला. ई-फायलिंग वेगळ्या ठिकाणी होतं म्हणून चालू राहिलं. आणि जोडणी चुकली तर काय होतं याचं उदाहरण टेनेसीत आहे. मेम्फिस जिथे आहे त्या शेल्बी काउंटीने नोव्हेंबर 2016 मध्ये तुरुंगाची आणि कोर्टाची प्रणाली बदलली. माहिती एकीकडून दुसरीकडे नीट गेली नाही, सुटायला हवे होते ते लोक आतच राहिले. सामुदायिक दावा झाला आणि तडजोड 49 लाख डॉलरवर मिटली. त्यातला काही भाग कंपन्यांनी उचलला, पण काउंटीला आपला वाटा द्यावाच लागला.

तेव्हा बैठकीत जाणार असाल तर नागरिकांना मिळणाऱ्या तीन मिनिटांत ‘खर्च किती’ असं विचारू नका, उत्तर ‘शून्य’ येईल. हे विचारा: जोडणीचे पैसे जुनी प्रणाली देणाऱ्या कंपनीने लेखी सांगितले आहेत का? खटला-क्रमांक नसलेल्या जामीनपत्रांची रांग कोणाकडे राहील, आणि त्या कार्यालयाच्या प्रमुखाने मान्यता दिली आहे का? बाँड्समनवरच्या फीला करारात कमाल मर्यादा आहे का, की कंपनी दुसऱ्या वर्षी ती वाढवू शकते? रात्रीच्या मदतीचा फोन कोण घेणार, आणि करार संपल्यावर नोंदी कुठल्या स्वरूपात परत येणार? बऱ्याच काउंट्यांचं आर्थिक वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होतं आणि ऑगस्टमध्ये बजेटवर सुनावण्या असतात. प्रस्ताव त्याआधी आला असेल, तर क्लार्कच्या बजेटमध्ये निदान अर्धं पद त्याच ठरावात धरायला सांगा. सप्टेंबरनंतर मागितलेलं पद पुढच्या वर्षाच्या ऑक्टोबरपर्यंत लांबतं, आणि रांग तोवर थांबत नाही.